फारच सरळ रेघ

३ मार्च, मंगळवार. सकाळचे आठ वाजून वीस मिनिटे. भट्टीत पट्ट्या भाजायला ठेवल्या आहेत. घंटा वाजेपर्यंत इथून हलायचे नाही, म्हणून स्टुलावर बसून लिहितो आहे.

प्रिय मामी,

तुझे पत्र शनिवारी मिळाले. दोनदा वाचले. जुन्या तरंगत्या जॅकेटच्या अँटेनाची ती पोलादी काडी जाळ्यात अडकली आणि मामा होडीच्या काठावरून अर्धे बाहेर ओढले गेले, हे तू "एक गंमत सांगते" म्हणून लिहिलेस. मला काही गंमत वाटली नाही. होडीवरचा जोडीदार शहरात नोकरीला गेल्यापासून मामा पाण्यावर एकटेच असतात. त्यात काडी नको म्हणून त्यांनी जॅकेटच माळ्यावर टाकले. हा ढेकणांच्या रागाने घर जाळण्यातलाच प्रकार झाला.

तू विचारलेस, "तुमच्या त्या वाकणाऱ्या अँटेनाचा काही उपयोग होईल का?" मी बाईंना विचारले. बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. मी पूर्वी कापडी पिशव्यांवर छापायचो, तशाच इथे अँटेना छापतो. जाळीची चौकट, वर शाई, आणि रबरी पाते एकदाच, न थांबता ओढायचे. फरक शाईचा. इथली शाई म्हणजे पातळ रबरात कालवलेली चांदीची पूड आणि कार्बनच्या नळ्या. नळ्या इतक्या बारीक की डोळ्यांना नुसती काळी भुकटी दिसते. कण एकमेकांना टेकलेले असले की त्यांतून वीज जाते. पट्टी ताणली की चांदीचे कण लांब सरकतात, पण नळ्या मधल्या फटींवर पुलासारख्या पडून राहतात, म्हणून वीज तुटत नाही. भाजून झाली की पट्टी हाताला सायकलच्या ट्यूबसारखी लागते. गाठ मारली तरी चालते. (मारू नकोस.)

बाई म्हणाल्या, "आपल्याला ती माणसाच्या अंगावर वापरून बघायचीच आहे. तुझे मामा रोज वाकतात, ओढतात, भिजतात. याहून चांगला माणूस कुठे मिळणार?"

तेव्हा सोबत एक पट्टी पाठवतो आहे. ती छातीपासून डाव्या खांद्यावरून मानेमागे आणि तिथून उजव्या खांद्यापर्यंत बसवायची. काडेपेटीएवढी पेटी छातीच्या खिशात ठेवायची. पेटी दर अर्ध्या मिनिटाला हाक मारते आणि अँटेना ती हाक लांब पोचवते. सोबतचे यंत्र समुद्राकडच्या खिडकीत ठेव. हाक ऐकू येत असेल तर त्यावर हिरवा दिवा राहतो. हाक आली नाही तर दिवा विझतो. पेटी पाण्यात भिजली तर ती वेगळी हाक मारते, आणि मग लाल दिवा लागून घंटा वाजते. प्रत्येक हाक किती जोरात आली ते यंत्रातल्या कार्डावर नोंदले जाते. ते कार्ड अधूनमधून पत्रात घालून पाठव.

पट्टीवर इस्त्री फिरवू नकोस. टाचण्या टोचू नकोस. रॉकेलने पुसू नकोस. घडीवर घडी घालू नकोस. बाकीच्या सूचना वेगळ्या दोन पानांवर आहेत.

फोन करत नाही, कारण फोनवर मामा शेजारून "काय म्हणतोय, काय म्हणतोय" करतात आणि तू निम्मे बोलणे गिळतेस.

घंटा वाजली.

तुझा,
टिपकागद

---

१९ मार्च

टिपकागदा,

पार्सल मिळालं. त्यात पट्टीपेक्षा सूचनाच जास्त होत्या. इस्त्री नको, टाचणी नको, रॉकेल नको. श्वास घेऊ का, एवढं विचारायचं राहिलं बघ. लहानपणी माझ्याकडे राहायचास तेव्हा चहाचा थेंब सांडला तरी फडकं घेऊन धावायचास. त्यावरून ठेवलेलं नाव काही वाया गेलं नाही.

माळ्यावरचं जॅकेट काढून त्यावर पट्टी शिवली. चार संध्याकाळी बसले. काळ्या कापडावर काळी पट्टी आणि काळा दोरा, डोळ्यांतून पाणी काढलं मेल्यानं. पण पट्टीच्या दोन्ही कडांना दुहेरी टीप मारली आहे, तीही नायलॉनच्या दोऱ्याची. जॅकेट फाटेल, पट्टी हलणार नाही. तंबूच्या कारखान्यातल्या सुपरवायझरबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "हे माणसासाठी आहे की ट्रकसाठी?"

तुझे मामा म्हणाले, "हे काय, घोड्याचं खोगीर?"

मी म्हटलं, "घाला."

"आणि त्या पोराची पट्टी माझ्या पाठीवर बसून काय करणार?"

"तुम्ही आहात, एवढं मला कळवणार."

"मी असतोच की. जातोय कुठं?"

मी जॅकेट पुढे धरलं. ते हात घालून उभे राहिले. रोज पहाटे मीच चढवते आणि बटणं लावते. खुद्द नवरदेवाचा थाट.

दिवा झकास लागतो. मी कारखान्याचं काम घरी आणून खिडकीशी मशीन लावते, हे तुला ठाऊक आहे. मान वर केली की हिरवा. भांडी घासून आले की हिरवा. तुझ्या बाईंना सांग, एक दिवससुद्धा विझला नाही.

नऊ दिवसांचं कार्ड सोबत आहे. कापसात गुंडाळलंय. चालेल ना कापूस? सूचनांमध्ये नव्हता.

मामी

---

२४ मार्च

प्रिय मामी,

कार्ड मिळाले. कापूस चालतो. आकडे फार चांगले आहेत. बाईंनीही दोनदा पाहिले.

मामा जॅकेट घालतात ना? सहज विचारतो. जाळे ओढतानाही घालत असतील. हेही सहजच.

मामांना वेगळे पत्र पाठवले आहे. ते पेटीच्या बॅटरीबद्दल आहे. रुक्ष आहे, तू वाचण्यासारखे नाही.

तुझा,
टिपकागद

---

२४ मार्च, लाँचवाल्याच्या हस्ते

आदरणीय मामांना नमस्कार.

पत्र बॅटरीबद्दल नाही.

नऊ दिवसांचे आकडे घेऊन मी कागदावर रेघ काढली. ती फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ आली आणि चांगली उंचावर आली. मला वाटले, माझी छपाईच इतकी चोख झाली. मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बोलावून दाखवलीही. तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"तुझे मामा वाकत नाहीत?"

"वाकतात."

"जाळं ओढत नाहीत?"

"ओढतात."

"भिजत नाहीत?"

"मासे धरतात, बाई."

"मग ही रेघ कुणाची आहे?"

मामा, माणसाचे अंग म्हणजे बहुतेक पाणीच. ते अँटेनाची हाक थोडी गिळते. माणूस वाकला की पट्टी वाकते, वळला की पट्टी वळते, आणि हाक वरखाली होते. रेघ थरथरायलाच हवी. मी खात्री करून घेतली. एक पट्टी अंगावर बांधून सबंध दुपार व्हरांडा झाडला आणि पाण्याच्या बादल्या उचलल्या. माझी रेघ कोंबडीने उकरल्यासारखी आली, आणि तुमच्यापेक्षा खूप खाली. मग तीच पट्टी गच्चीवर बांबूला टांगली. तेव्हा आली ती हुबेहूब तुमची रेघ.

तुम्ही जॅकेट कुठे टांगता?

मामीला मी काही लिहिलेले नाही. राग मानू नये.

आपला भाचा

---

२८ मार्च

भाच्या,

पकडलंस. होडीच्या मधल्या खांबाला टांगतो. वर वारा चांगला लागतो, दिवाही चांगला लागत असणार.

तुझ्या पट्टीत खोट नाही. हातात धरून ताणून पाहिली, मस्त आहे. काडीसारखी टोचत नाही, जाळ्यात अडकत नाही. पण शिवण अशी आहे की दोन्ही हात पुढे करून जाळं धरलं की मागून कुणीतरी मिठी मारल्यासारखं होतं. खांदा पुढे येत नाही. पहिल्या दिवशी तसंच ओढायला गेलो तर तोल गेला. पडता पडता वाचलो. तेव्हा काढलं ते काढलंच.

आता हे तिला सांगायचं कसं? चार संध्याकाळी डोळे चोळत बसली होती. तिची शिवण आजवर उसवली नाही, हे ती वाणसामानाच्या दुकानात अनोळखी बाईलाही सांगते. पहाटे स्वतः बटणं लावते. मी धक्क्यापर्यंत घालतो. वळणाआड गेलो की काढतो.

तू शहाणा आहेस. तिला बोलू नकोस. पुढच्या वेळी काहीतरी निमित्त काढून वेगळी, सैल पट्टी पाठव. घाई नाही.

मामा

ता. क. तुझ्या बाईंना सांग, मी वाकतो.

---

२९ मार्च

टिपकागदा,

"सहज" हा शब्द तू दोनदा लिहिलास. सहज विचारणारा माणूस एकदाच विचारतो. आणि बॅटरीबद्दलचं पत्र लाँचवाल्याच्या हातून धक्क्यावर? पोस्टमन काय मेला होता?

काय लपवतोयस ते तू जाण. पण मीही तुझ्यापासून एक गोष्ट लपवली आहे, ती आता सांगते. तुझे मामा जानेवारीत धक्क्याच्या पायरीवर चक्कर येऊन पडले. शेजारच्या होडीचा मालक, तो लंब्या, बाजूला होता म्हणून कॉलर धरून वर ओढलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब आहे. गोळ्या घ्या आणि पाण्यावर एकटे जाऊ नका. गोळ्या घेतात. दुसरं या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. मला म्हणाले, "कुणाला सांगशील तर बघ." घरी बसवले तर पंधरा दिवसांत म्हातारे होतील, हे मलाही कळतं. म्हणून मी जास्त ताणलं नाही. म्हणून तुला पत्र लिहिलं, काडीची गंमत सांगायला नव्हे.

आधी मी दर थोड्या वेळाने उठून खिडकीशी जायचे. होडी दिसते का, दिसते तर माणूस दिसतो का. शिवण वाकडी व्हायची, काम परत यायचं. आता तो हिरवा दिवा दिसतो आणि हात चालतो. या आठवड्यात बारा तंबू पुरे केले आणि एकही परत आला नाही.

दिवा खोटं बोलत नाही ना रे? तेवढंच कळव.

मामी

---

३ एप्रिल, लाँचवाल्याच्या हस्ते, तुझ्याच हातात देण्यासाठी

प्रिय मामी,

तुझे पत्र काल दुपारी आले. लगेच फोन केला. मामांनी उचलला. मी हवामान विचारून ठेवून दिला. थोड्या वेळाने पुन्हा केला, तर मामाच. म्हणाले, "आता काय, भरती-ओहोटी?" म्हणून हे लिहितो आहे.

दिवा खोटे बोलत नाही. पण तो जॅकेटचे सांगतो, माणसाचे सांगत नाही. जॅकेट होडीच्या खांबाला टांगलेले असते. मामा पाण्यात पडले तरी तुझ्या खिडकीत हिरवाच राहील.

हे तुला कळवू नये असे मामांनी मला लिहिले होते. आजपर्यंत मी त्यांचा शब्द कधी मोडलेला नाही. चक्कर येते हे मला माहीत असते तर हा शब्द मी एक दिवसही पाळला नसता, आणि तुझी शिवण आवळते हे तुला माहीत असते तर तू ती तशी घातली नसतीस. तुम्ही दोघांनी एकमेकांना जपण्यासाठी मला मधे घेतलेत आणि मीही जपायला लागलो. त्यात दिवा मात्र हिरवा राहिला.

मामांचे हात पुढे होत नाहीत. पट्टी ताणते, पण दोरा ताणत नाही, मग पट्टीचे काही चालत नाही. मी इथे दोन पट्ट्या कापडावर शिवून ताणायच्या यंत्राला लावल्या. एक तुझ्यासारखी दोन्ही कडांना टीप मारून, दुसरी नुसती एका टोकाला टाचून. पहिली दोऱ्याच्या भोकांपाशी चिरली. दुसरी अजून ताणते आहे. म्हणजे तशी शिवण माणसालाही नको आणि पट्टीलाही नको. इस्त्री, टाचणी, रॉकेल यांवर मी दोन पाने लिहिली. शिवावी कशी, यावर एक ओळ लिहिली नाही. मला शिवणातले कळत नाही आणि मी कुणाला विचारलेही नाही.

रागवायचे असेल तर माझ्यावर रागाव. मामांवर नको. ते तुझ्या चार संध्याकाळींसाठी गप्प बसले.

उद्यापासून ते जाणार असतील तर लंब्याला सोबत राहायला सांग. एवढे ऐक.

टिपकागद

---

६ एप्रिल

टिपकागदा,

पत्र वाचलं आणि आधी खिडकीतलं यंत्र बंद केलं. तो हिरवा रंग डोळ्यांसमोर नको झाला होता. मग लंब्याच्या घरी जाऊन सांगून आले की यांच्या मागेमागे राहा. तो म्हणाला, "वहिनी, जानेवारीपासून तेच करतोय." म्हणजे बघ, गावात सगळे जपतायत, बोलत कुणीच नाही.

काल रविवार. हे आत वर्तमानपत्र वाचत होते. मी जॅकेट घातलं, जाळ्याचं एक टोक अंगणातल्या खांबाला बांधलं आणि ओढायला लागले. खरं सांगू? कुणीतरी दोन्ही दंड मागे धरून ठेवल्यासारखं झालं. मी आणखी जोर लावला. टाका एक सुटेल तर शपथ.

हे बाहेर आले. "हे काय चाललंय?"

"मासे धरतेय."

"अंगणात?"

"हात पुढे येत नाही माझा."

माझ्या खांद्यावरची शिवण चाचपून पाहिली. मग म्हणाले, "माझाही येत नाही."

"मग तोंडही उघडत नव्हतं?"

"तुझी शिवण आहे ती..."

"शिवण गेली खड्ड्यात! तुम्ही तिकडे बुडाला असतात आणि मी इकडे हिरव्या दिव्याकडे बघून तंबू शिवत बसले असते. संध्याकाळी लोकांनी येऊन सांगितलं असतं, तर मी म्हटलं असतं, छे, दिवा लागलाय की!"

शेजारीण कुंपणाशी आली होती. मी तिला म्हटलं, "या, बसा, तिकीट नाही." ती गेली.

मग दोघं पायरीवर बसलो आणि उसवायला घेतलं. त्यांनी कापड ताणून धरायचं, मी ब्लेडने टाके कापायचे. स्वतःची शिवण उसवायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. इतकी पक्की होती की बोटं सोलली. ते मधेच म्हणाले, "खरंच चांगली आहे गं." मला आधी हसू आलं, मग नको ते आलं. त्यांनी ब्लेड माझ्या हातातून काढून घेतलं आणि पुढचं स्वतः उसवलं. चक्कर आली तर सांगेन, असंही म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

आता अस्तराच्या कापडाची लांब नळी शिवली आहे, पायजम्याच्या नाडीला असते तशी. पट्टी तिच्यात मोकळी सरकते. फक्त मानेमागे दोन टाके घातले आहेत. जॅकेटच्या पाठीला दोन चुण्या सोडल्या. मीच घालून पुन्हा जाळं ओढलं. खांब हलला.

तुझ्या त्या दोन पानांत ही ओळ घाल: शिवण शिवणाऱ्याला विचारा, आणि घालणाऱ्यालाही.

यंत्र आज पहाटे पुन्हा चालू केलं.

मामी

---

१७ एप्रिल

प्रिय मामी,

नवे कार्ड मिळाले. रेघ भयंकर आहे. वर जाते, खाली पडते, मधे दाते पडतात. पहाटे जाळे ओढायला सुरुवात झाली की ती वेडीपिशी होते. मग थोडी शांत होते, तेव्हा मामा डबा खात असावेत. पुन्हा सुरू. एका ठिकाणी लांब सपाट तुकडा आहे, त्याने मी घाबरलो. पण त्या दिवशी रविवार होता आणि जॅकेट खुंटीला होते, हे नंतर लक्षात आले.

तो कागद मी माझ्या टेबलासमोर भिंतीला लावला आहे. येणारे-जाणारे विचारतात, यंत्र बिघडले का. मी नाही म्हणतो. बाईंनी तो स्वतः उतरवून सभेत नेला आणि परत आणून लावला.

आता जी गोष्ट उरली आहे ती सांगतो. पट्टी अंगावर आल्यापासून हाकेचा जोर पूर्वीच्या चौथाईवर आला आहे. खिडकीपर्यंत पोचायला तेवढा पुरतो. पण माणूस खरोखर पाण्यात असला, खांदे भिजलेले असले, तर भिजल्याची हाक तुझ्यापर्यंत पोचते की नाही, हे अजून कुणी पाहिलेले नाही. त्यासाठी आमच्याकडे हौद आहे आणि माणसाच्या वजनाचा पुतळा आहे. हौदाचा पंप दुरुस्तीला गेला आहे. पुढच्या महिन्यात पाहू.

तोपर्यंत कुणीही स्वतःहून काही करून पाहू नये. हे वाक्य मामांसाठी आहे. मोठ्याने वाच.

तुझा,
टिपकागद

---

२७ एप्रिल

टिपकागदा,

मोठ्याने वाचलं. तीच चूक झाली.

"पुतळा?" म्हणाले. "माझं काम पुतळा करणार?" दुसऱ्या दिवशी धक्क्यावर लंब्याशी पन्नासाची पैज लावून आले. लंब्या म्हणतो घंटा वाजणार नाही, हे म्हणतात वाजणार. काल सकाळची वेळ ठरली.

मी नाही म्हटलं नाही. कपाळाला हात लावू नकोस, आधी पुढचं वाच. मलाही जाणून घ्यायचं होतं. पुतळ्यासाठी घंटा वाजली तर ती पुतळ्याच्या बायकोने ऐकावी. मी अटी घातल्या. गोळी घेतलेली असली पाहिजे. पाणी गळ्याएवढंच. आणि लंब्याने कमरेला दोरी बांधून शेजारी होडीत बसायचं. दोरी लंब्याच्या नाही, यांच्या कमरेला, हे लंब्याला दोनदा समजावून सांगावं लागलं.

सगळा धक्का जमला. मी मात्र घरी, खिडकीशी. दार उघडं ठेवलं होतं. दिवा हिरवा. मग खाली एकदम गलका झाला आणि दिवा विझला.

हिरवा नाही, लाल नाही. काहीच नाही. लोक ओरडत होते. हसतायत की काय ते कळेना. मी मशीनचं चाक घट्ट धरून बसले. तुला शिव्या दिल्या, तुझ्या बाईंनाही दिल्या, सांग त्यांना.

नंतर कळलं ते असं. हे शहाणे पाण्यात उतरले आणि तळाला पाय रोवून ताठ उभे राहिले. खांदे पाण्याखाली, म्हणजे तुझी पट्टीही पाण्याखाली. लंब्या ओरडला, "अरे, बुडणारा माणूस उभा राहतो का? पाय सोड!" यांनी पाय सोडले. जॅकेटने त्यांना अलगद पाठीवर टाकलं आणि छाती, खांदा वर आला.

इथे घंटा वाजली. लाल दिवा. केवढी कर्कश आहे रे ती! मी जागची हलले नाही. मला बघायचं होतं ती वाजत राहते का. वाजत राहिली. मग धावले. हातात शिवायचं कापड तसंच.

हे पाण्यात उताणे पडून आभाळाकडे बघत होते. मला बघून म्हणाले, "वाजली?"

"वाजली."

"मग रडतेस काय? लंब्याकडून पन्नास घे."

घेतले. माझ्याकडेच आहेत.

नुकसान एकच. बूट चिखलात रुतले ते तिथेच राहिले. अनवाणी घरी आले, पण ऐट अशी की जणू नवे घेऊनच आले. आणखी एक सांगते. आता यांची होडी आणि लंब्याची होडी एकदमच निघतात. कुणी ठरवलं ते माहीत नाही. मी विचारलं तर म्हणाले, "त्याला वाटा नीट ठाऊक नाहीत." तीस वर्षांपासून मासे धरतोय लंब्या.

धक्क्यावरचे पाच जण जॅकेट मागतायत. लंब्या पहिला.

कार्ड सोबत आहे. ओलं नाही, निवांत राहा.

मामी

---

४ मे, सोमवार. दुपारचा एक. डबा अजून उघडलेला नाही.

प्रिय मामी, आणि मामा,

तुमचे पत्र मी बाईंना वाचून दाखवले. शिव्यांसकट. बाई म्हणाल्या, "हा किती मोठा बेजबाबदारपणा आहे!" मग हात पुढे करून म्हणाल्या, "कार्ड दे." संध्याकाळपर्यंत त्यांनी ते यंत्रातून काढले नाही. विझलेला वेळ, पाय सोडल्यावरची पहिली हाक, सगळे त्यात आहे. पुतळ्याचे काम होईलच, पण आता ते तुमच्या रेघेशी ताडून पाहायचे आहे.

पाच पट्ट्या छापून तयार आहेत. मी त्या पोस्टाने पाठवायच्या विचारात होतो. बाई म्हणाल्या, "तू स्वतः जा. शिवताना शेजारी बस, घालणाऱ्यांचे हात पुढे करून बघ आणि मग सूचना लिही." मला आजवर कामासाठी कुणी कुठे पाठवलेले नाही. शनिवारच्या लाँचने येतो. बुधवारी परत निघायचे आहे. मामांनी नेले तर एक दिवस होडीवर येईन. मला पोहता येत नाही, पण जॅकेट आहे.

हिशेब असा आहे:

लाँचचे तिकीट, जाऊन-येऊन: चाळीस. दिले.
आजवरची टपालाची तिकिटे: सव्वीस. दिली.
लाँचवाल्याला दोन खेपांचे चहापाणी: दहा. दिले.
अस्तराचे कापड, पाच जॅकेटांपुरते: पंचावन्न. घेतले आहे, दुकानदाराचे पंधरा देणे.
मामीची शिलाई, पाच जॅकेटांची, प्रत्येकी साठ: तीनशे. शंभर आगाऊ सोबत. दोनशे देणे.
मामांचे बूट, एक जोड: बाईंनी प्रयोगाच्या खर्चात मंजूर केला आहे. देणे. पावती लागेल.